कोपऱ्यातले शिलाई मशीन भरतकाम करू लागते तेव्हा

घरात पडून असलेल्या साध्या मशीनवर भरतकाम शिकता येते का? महागडे कॉम्प्युटर मशीन कधी घ्यावे? म्हैसूरच्या निमित्ताने थोडी माहिती आणि थोडे हिशेब.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे आपल्याकडच्या खंडेनवमीला, म्हैसूरमध्ये आयुधपूजा असते. राजवाड्यात शस्त्रांची, हत्ती-घोड्यांची पूजा होते. त्याच दिवशी देवराज मार्केटमधून झेंडू-शेवंतीच्या माळा आणि कोहळे घरोघर जातात. रिक्षा, सायकल, लेथ, तराजू, ज्याचे जे हत्यार असेल ते धुऊनपुसून त्याला हळदकुंकू लावले जाते. कितीतरी घरांत हा मान शिलाई मशीनला मिळतो. चाकाला माळ, फळीवर फूल, पुढे उदबत्ती. दोन-तीन दिवसांत फुले सुकतात, मशीनवर पुन्हा चादर पडते आणि चादरीवर इस्त्रीला न्यायच्या कपड्यांची चळत चढते. ती पुढच्या खंडेनवमीपर्यंत तशीच.

कोल्हापूरहून लग्न होऊन अशाच एखाद्या घरात आलेली सून डोळ्यांपुढे आणा. सरस्वतीपुरम किंवा कुवेंपुनगरमध्ये घर, नवरा नोकरीत, मुलगी शाळेत. माहेरी असताना हिने रुमालांवर, उशांच्या अभ्र्यांवर साखळी टाका, काजटाका घातलेला. आता दुपारी फोनवर ती कॉम्प्युटर मशीनचे व्हिडिओ पाहते. रिंगमध्ये कापड अडकवले, बटण दाबले आणि बघता बघता मोर तयार! किंमत ऐकून पोटात गोळा येतो, पण दुकानदार म्हणतो, हप्त्यांची सोय आहे. सासूबाईंचे म्हणणे मात्र वेगळे असते. "अगं, आधी या मशीनवर बसून तर बघ. मोर नाही जमला तर निदान पान तरी काढता येईल."

हे बोलणे जुन्या वळणाचे वाटेल. पण मशीनवरच्या भरतकामाची थोडी माहिती करून घेतली की लक्षात येते, पहिल्या सहा महिन्यांपुरते तरी सासूबाईंचेच बरोबर आहे.

शिंप्यांची मराठी आणि सिंगरचे हप्ते

म्हैसूर भागात मराठी आणि शिवणकाम यांचे नाते जुने आहे. भावसार क्षत्रिय आणि नामदेव शिंपी या समाजांची घरे म्हैसूर-बंगळूरकडच्या गावांत पिढ्यान् पिढ्या आहेत. रंगकाम, छपाई आणि शिवणकाम हे त्यांचे परंपरागत व्यवसाय. घरात मराठी, तीही कन्नडची फोडणी दिलेली, आणि दुकानात कन्नड. कन्नडमध्ये शिंप्याला 'सिंपिग' म्हणतात, त्यामुळे हा शब्द मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. शिवणाला मात्र 'होलिगे' म्हणतात आणि पुरणपोळीला 'होळिगे'. नव्या सुनेची इथे फसगत झाली तर तिला कोणी हसू नये.

या शिंप्यांच्या हातात पायमशीन आले ते सिंगरच्या काळात. आयझॅक सिंगर याला अमेरिकेत १८५१ साली शिलाई मशीनचे पेटंट मिळाले. मशीन चांगले होते, पण संसारी माणसाला परवडेना. तेव्हा सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने १८५६ मध्ये ते हप्त्याने विकायला सुरुवात केली. आज फ्रीजपासून फोनपर्यंत सारे काही हप्त्याने घरात येते. ती रीत जगात रुजवण्यात शिलाई मशीनचा मोठा वाटा आहे. हिंदुस्थानात १८७५ पासून सिंगरचे काम मुंबईचे पारशी गृहस्थ नसरवानजी मेरवानजी पटेल पाहत. त्यांच्यापुढची अडचण निराळीच होती. जिथे बायका न शिवलेली साडी नेसतात आणि पुरुष धोतर, तिथे शिलाई मशीन विकायचे तरी कोणाला? पुढे ब्लाऊज, परकर, सदरे घरोघर आले आणि मशीनही त्यांच्यामागोमाग आले. हा ब्लाऊज लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण भरतकामाचे आजचे घरगुती अर्थकारणही बरेचसे त्याच्याच पाठीवर उभे आहे.

यंत्रांचे टीकाकार असलेल्या गांधीजींनी १९२४ मध्ये ज्या थोड्या यंत्रांना अपवाद म्हणून मान्यता दिली, त्यांत सिंगरचे शिलाई मशीन होते. बायकोचे कष्ट पाहून सिंगरने ते बनवले, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षातल्या सिंगरचे कौटुंबिक चरित्र इतके सोज्ज्वळ नव्हते, पण ते असो. १९३०च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने 'उषा' मशीन आणले आणि स्वातंत्र्यानंतर ते लग्नातल्या आहेरात दिसू लागले. आज कोपऱ्यात चादरीखाली असते ते बहुधा हेच किंवा याच्याच जातीचे.

भरतकामाच्या यंत्रांनी सुरुवातीला घराऐवजी कारखान्याची वाट धरली. फ्रान्समधल्या मुलूझ गावच्या जोसुए हाइलमान याने १८२८ च्या सुमारास अनेक सुयांचे भरतकामाचे यंत्र केले. १८६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोबली याने होडीच्या आकाराचे शटल वापरून 'शिफ्ली' यंत्र बनवले. शिफ्ली म्हणजे छोटी होडी. वारावर विकली जाणारी भरतकामाची कापडे आणि लेस त्या घराण्यातली. घरात मात्र बायका साध्या पायमशीनवरच हाताने रिंग फिरवून फुले काढत होत्या आणि सिंगर कंपनी त्यासाठी शिकवणीची पुस्तके छापत होती. घरगुती वापराचे, स्वतः नक्षी काढणारे कॉम्प्युटर मशीन जपानच्या जानोमे कंपनीने १९९० मध्ये बाजारात आणले.

तेव्हा 'मशीनवरचे भरतकाम' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीत रिंग बाईचा हात फिरवतो, दुसरीत मोटर फिरवते. पहिली आली तर दुसरी लवकर समजते. उलटे सहसा होत नाही.

लेखणी जागच्या जागी, कागद हलता

साध्या मशीनवर भरतकाम करायला नवे काय लागते? एक लाकडी रिंग, तीही पातळ. जाड रिंग सुईखालून आत जात नाही. पातळ रिंगसुद्धा जरा कलती करून सरकवावी लागते. बाकी सारे घरात असते.

आधी मशीन साफ करावे. सुईखालची पत्र्याची पट्टी काढून दातांत अडकलेला कापूस ब्रशने झाडावा. बॉबिन केसमध्येही तो असतोच. मग तेलाचे दोन-दोन थेंब सोडून जुन्या चिंधीवर मशीन पाच मिनिटे चालवावे. हे टाळले तर पहिल्या फुलावरच तेलाचा डाग पडतो. नंतर कापड दाबून धरणारा पाय स्क्रू सैल करून काढून टाकावा. कापड पुढे ढकलणारे दाते खाली बसवायची सोय काही मशीनांत असते. नसेल तर टाक्याची लांबी शून्यावर आणावी, म्हणजे दाते हलले तरी कापड ओढत नाहीत.

कापड रिंगमध्ये हाताच्या भरतकामापेक्षा उलटे लावायचे. हाताने भरताना कापड रिंगच्या वरच्या अंगाला असते. इथे ते खालच्या अंगाला, मशीनच्या फळीला टेकलेले हवे. ताण असा, की बोटाने टिचकी मारली तर ढोलकीसारखा आवाज यावा.

आता नवशिक्या बायकांची सर्वांत नेहमीची चूक. पाय काढून टाकलेला असतो, त्यामुळे तो खाली सोडायचा मागचा खटका खाली करायचे राहून जाते. खटका वर असला की वरच्या दोऱ्याला ताणच नसतो. वरून सारे ठीक दिसते आणि रिंग उलटून पाहावी तर खाली दोऱ्याचे जाळे. मशीन बिघडले असे वाटून कितीतरी जणी इथेच उठतात. पाय नसला तरी खटका खाली, एवढे खडूने मशीनवर लिहून ठेवले तरी चालेल.

मग चाक एकदा हाताने फिरवून खालचा दोरा वर काढून घ्यावा, दोन्ही दोरे बोटात धरून दोन-तीन टाके जागच्या जागी घालावेत आणि टोके कापावीत. पाय जरा भरभर, हात सावकाश, हा इथला ताल. हात झटक्याने सरकला की सुई वाकते किंवा मोडते. बोटे रिंगच्या काठावर असावीत, सुईजवळ कधीही नाही. पाय काढलेल्या मशीनवर सुई आणि बोट यांच्यामध्ये काहीच नसते. शाळकरी मूल शेजारी उभे राहून रिंग धरायला मदत करत असेल तर त्याला आधी दूर बसवावे.

भरतकाम म्हणजे लिहिणेच, फक्त इथे लेखणी एका जागी वरखाली होते आणि कागद सरकवावा लागतो. म्हणून सुरुवात फुलापानांनी न करता रेघांनी करावी. उभ्या, आडव्या, मग गोल, मग वेलांट्या आणि उकार. त्यानंतर स्वतःचे नाव. देवनागरी इथे फार उपयोगी पडते, कारण तिच्यात वळणेही आहेत आणि सरळ शिरोरेघही. शिरोरेघ शेवटी ओढावी. ती न डगमगता सरळ आली की हात बसला असे खुशाल समजावे. रोज अर्धा तास, जुन्या सुती चादरीच्या तुकड्यावर, पंधरा-वीस दिवस. याहून कमी दिवसांत जमले तर उत्तमच, पण मोर मात्र अजून दूर ठेवावा.

पानाची पद्धत अशी. पेन्सिलने आकार काढून त्यावरून दोनदा धावदोऱ्याची रेघ फिरवायची. मग मधल्या शिरेपासून कडेपर्यंत रिंग डावी-उजवी हलवत टाके शेजारी शेजारी बसवायचे. फार दाट भरले तर पान पुठ्ठ्यासारखे कडक होते आणि कधी कापडालाच भोक पडते. विरळ भरले तर खालचे कापड डोकावते. याचे माप पुस्तकात मिळत नाही, दहा पाने फुकट गेली की अकराव्याला सापडते.

भरतकामाखाली कागद लावणे ही गोष्ट पुष्कळ जणींना माहीत नसते आणि 'माझ्या कापडाला चुण्या का पडतात?' या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा तिथेच असते. दुकानांत भरतकामासाठी न विणलेला, कापडासारखा कागद मिळतो. सुती कापडाला काम झाल्यावर फाडून काढता येणारा चालतो. ताणल्या जाणाऱ्या कापडाला, होजिअरीला, कापून कडेने तसाच ठेवायचा जाडसर कागद लागतो. टॉवेलवर वरून पाण्यात विरघळणारा पातळ पापुद्रा टाकतात, म्हणजे टाके लवीत बुडत नाहीत. सरावासाठी साधा खाकी कागदही पुरतो. वर्तमानपत्र नको, त्याची शाई कापडाला लागते.

दोरा भरतकामाचाच, चाळीस नंबरचा घ्यावा. रेयॉनला चमक जास्त, पण ब्लीचपुढे तो टिकत नाही. पॉलिस्टर रंगाला पक्के. मुलांचे कपडे आणि रोज धुवायच्या वस्तू यांना पॉलिस्टरच बरे. सुई साधारण अकरा नंबरची, जरीच्या दोऱ्याला चौदा, कारण तिचे नेढे मोठे असते आणि जरी घासून तुटत नाही. सुई मोडेपर्यंत वापरायची ही आपल्या घरांतली काटकसर भरतकामात महाग पडते. बोथट सुई दोरा तोडते, कापडाचे धागे ओढते आणि दोष जातो मशीनवर.

म्हैसूर सिल्कला सुई लावण्याआधी

म्हैसूरमध्ये राहायचे आणि रेशमाचा मोह धरायचा नाही, हे कसे जमावे? इथला सरकारी रेशीम विणाईचा कारखाना १९१२ मध्ये नालवडी कृष्णराज वडियारांच्या कारकिर्दीत सुरू झाला. पहिले दहा यंत्रमाग आले स्वित्झर्लंडहून, म्हणजे शिफ्लीच्याच देशातून. १९८० पासून कारखाना कर्नाटक सिल्क इंडस्ट्रीज कॉर्पोरेशनकडे आहे. म्हैसूर सिल्कचे अंग साधे, एकरंगी आणि झुळझुळीत; थाट सारा जरीच्या काठात. या जरीत पासष्ट टक्के चांदी आणि ०.६५ टक्के सोने असते.

एकरंगी अंग पाहिले की भरतकाम करणाऱ्या हाताला खाज सुटते, आणि इथेच हजारोंचे नुकसान होऊ शकते. हे क्रेप कापड आहे. त्याचा धागा विणण्याआधी भरपूर पीळ देऊन घेतलेला असतो, त्यामुळे कापड अंगावर सुंदर पडते, पण रिंगमध्ये ताणले की लांबते आणि सोडले की आखडते. ताणलेल्या कापडावर काढलेले गोल फूल मग लंबुळके होऊन चुण्यांत बसते. लाकडी रिंगचा वळ उठतो तो वेगळाच. चुकलेले टाके उसवले तरी सुईची भोके राहतात.

म्हणून पहिल्या वर्षी साडीला हात लावू नये. शिंप्याकडून ब्लाऊजमधून उरलेले क्रेपचे तुकडे मागून आणावेत आणि त्यांवर एक युक्ती करून पाहावी. रिंगमध्ये फक्त कागद ताणून बसवायचा आणि रेशीम त्यावर न ताणता अलगद ठेवून कडेने मोठ्या टाक्यांनी अडकवायचे. रेशमाला ताणही बसत नाही आणि वळही उठत नाही. सुई नवी आणि बारीक. जरीच्या काठावर सुई चालवूच नये. जरी तुटते, सुईचे टोक जाते आणि दोन्ही बाजूंनी तोटा. साडीशी जुळणाऱ्या वेगळ्या कापडावर भरतकाम करून ते ब्लाऊजच्या पाठीला किंवा बाह्यांना जोडणे, हा सर्वांत निर्धोक मार्ग.

त्याआधी सरावाला म्हैसूरनेच एक छान निमित्त दिले आहे. नवरात्रात इथल्या घरांत पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्या ठेवतात, त्याला गोंबे हब्ब म्हणतात. मधोमध राजाराणीच्या लाकडी बाहुल्या, 'पट्टद गोंबे'. पायऱ्यांवर अंथरायच्या पांढऱ्या कापडाची किनार, राणीची वीतभर साडी, राजाचा शेला, हे सारे मशीनवर भरून काढता येते. गिऱ्हाईक फिटिंगची तक्रार करत नाही, हा या कामाचा मोठा फायदा! महाराष्ट्रात हेच काम गौरींच्या शेल्यावर करता येईल.

कसुती ती कसुती

कर्नाटकात भरतकाम म्हटले की कसुती आठवते. ती म्हैसूरची नव्हे, धारवाड-हुबळीकडची. इरकली साडीच्या पदरावर, नवरीच्या काळ्या चंद्रकळेवर गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती, मोर. सीमेपलीकडे आपल्या आजी-पणजींच्या पेट्यांतही अशा साड्या असत. तिचे चार टाके आहेत: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. कापडाचे धागे मोजत, आधी न आखता, हाताने भरायची. गवंतीत दोरा गेलेल्या वाटेनेच परत येतो, त्यामुळे उलटसुलट दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि गाठ कुठेच नसते.

मशीनला हे जमत नाही, आणि ते मशीनच्या रचनेतच आहे. मशीनचा टाका वरचा आणि खालचा अशा दोन दोऱ्यांच्या अडकवणीतून होतो. वरून रथ हुबेहूब दिसेल, पण उलट बाजूला बॉबिनचा दोरा असणारच. म्हैसूर सिल्कवरही कसुती भरलेल्या साड्या निघाल्या आहेत आणि चांगल्या कसुतीला मोल मिळते. अशा वेळी मशीनचे काम 'कसुती' म्हणून खपवण्याचा मोह होतो. तो आवरावा. धारवाडकडच्या ज्या बायकांचे पोट त्या मोजलेल्या टाक्यांवर आहे, त्यांच्या ताटातले ते ओढून घेणे होते. 'कसुतीच्या नमुन्याचे मशीनकाम' असे स्पष्ट सांगून विकले तर कोणाचीच फसवणूक नाही, आणि जाणत्या गिऱ्हाइकाने कापड उलटून पाहिले तर मान खाली घालावी लागत नाही.

मग कॉम्प्युटर मशीन कधी?

हात बसला, कागद-दोरा-ताण यांची ओळख झाली, ओळखीतल्या चार जणींचे काम पैसे घेऊन झाले, की मग. त्याआधी घेतले तर ते मशीनही हळूहळू चादरीखाली जाते, फक्त हप्ते चालू राहतात.

घ्यायला जाताना पहिला प्रश्न रंग-बटणांचा नको, रिंगच्या मापाचा हवा. सुरुवातीच्या अनेक घरगुती मशीनांत भरतकामाचे क्षेत्र सुमारे दहा सेंटिमीटर लांब आणि तितकेच रुंद असते. बाळाच्या दुपट्यावर नाव घालायला ते पुरते. ब्लाऊजच्या पाठीच्या गळ्याची नक्षी त्यात मावत नाही. दोन-तीन तुकडे करून, दर वेळी रिंग पुन्हा लावून, सांधा जुळवावा लागतो. एक सूतभर चुकले तरी सांधा दिसतो. गळ्याचे काम करायचे असेल तर मोठ्या रिंगचे मशीन, नाहीतर सध्या घेऊच नये.

दुसरी गोष्ट वेळेची. बारा हजार टाक्यांची नक्षी मिनिटाला सहाशे टाक्यांच्या गतीने वीस मिनिटांत होते. पण घरगुती मशीनला सुई एकच. पाच रंग असतील तर दर वेळी थांबून दोरा बदला. म्हणजे अर्धा तास. दोन बाह्या आणि पाठ मिळून एका ब्लाऊजला दोन तास सहज जातात, आणि त्या दोन तासांत मशीन सोडून स्वयंपाकघरात जाता येत नाही, कारण दोरा तुटतो तो नेमका तेव्हाच.

तिसरी गोष्ट नक्षीची. चित्र जसेच्या तसे मशीनला कळत नाही. टाका कुठून कुठे, कोणत्या दिशेने, किती दाट, हे सांगणारी फाइल बनवावी लागते. जानोमेची फाइल 'जेफ', ब्रदरची 'पेस', कारखान्यांत चालते ती 'डीएसटी'. आपले मशीन कोणती वाचते ते आधी विचारावे. तयार नक्ष्या विकत मिळतात. स्वतः बनवायच्या तर 'इंक-स्टिच' नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. ज्या मुलीने हाताने पाने भरली आहेत तिला या प्रोग्रॅममधले टाक्यांच्या दिशेचे प्रश्न समजतात, कारण ते तिच्या बोटांनी आधी सोडवलेले असतात. सिनेमातली कार्टून्स आणि कंपन्यांची बोधचिन्हे भरून विकू नयेत. ती दुसऱ्याच्या मालकीची असतात.

आता हप्त्यांचे गणित. समजा मशीन नव्वद हजारांचे, कर्ज बारा टक्क्यांनी, दोन वर्षांचे. महिन्याला साधारण सव्वाचार हजार रुपये. समजा एका ब्लाऊजच्या भरतकामाचे साडेतीनशे मिळाले आणि दोरा, कागद, वीज यांचे ऐंशी गेले. उरले दोनशे सत्तर. म्हणजे महिन्याला सोळा ब्लाऊज झाले की फक्त हप्ता फिटतो, बाईच्या कष्टाचा एक रुपयाही सुटत नाही. सतराव्या ब्लाऊजपासून कमाई. लग्नसराईत सतरा येतील, पण आषाढात? हे आकडे प्रत्येकीने आपल्या गावच्या दराने पुन्हा मांडावेत, आणि ते मांडण्याआधी कुठेही सही करू नये.

आणखी एक सावधगिरी. 'मशीन आमच्याकडून घ्या, भरतकामाचे काम आम्हीच पुरवू, तयार माल आम्हीच उचलू', अशा जाहिराती असतात. मशीन घरी येते, पैसे जातात आणि मग काम येत नाही, किंवा आलेला माल 'दर्जा नाही' म्हणून परत येतो. काम खरोखर देणारा व्यापारी मशीन विकण्याच्या मागे नसतो.

मीटरवर विकल्या जाणाऱ्या भरतकामाशी तर घरच्या मशीनने स्पर्धा करूच नये. सुरतेच्या कारखान्यांत अनेक डोक्यांची मशीने एकाच वेळी तीच नक्षी काढत असतात. त्यांच्या दराला घरातली बाई पोहोचणार नाही. पण सुरत एक नग बनवत नाही. बारशाच्या दुपट्यावर बाळाचे नाव, रुखवतातल्या आसनावर वधूवरांची नावे, गुळेदगुड्डच्या खणाच्या ब्लाऊजला साडीच्या रंगाची एक बारीक वेल, शाळेच्या पिशवीवर मुलीला हवी तशी मांजर. कन्नड घरात कन्नड अक्षरे, मराठी घरात देवनागरी. हे काम शेजारीणच करू शकते. खणाची मात्र विणाईच इतकी भरलेली असते की त्यावर भरतकाम जितके कमी तितके शोभते.

शिकायचे कुठे, पैसे कुठून?

कर्नाटकात याची एक चांगली वाट आधीच पडलेली आहे. १९८२ मध्ये धर्मस्थळाजवळच्या उजिरे गावी धर्मस्थळाचा शिक्षण ट्रस्ट, सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँक यांनी मिळून 'रुडसेटी' ही स्वयंरोजगाराचे प्रशिक्षण देणारी संस्था काढली. राहून शिकायचे, फी नाही आणि शिवणकामासारख्या कौशल्याबरोबरच हिशेब, बँक, गिऱ्हाईक यांचेही धडे. म्हैसूरलाही तिची शाखा आहे. याच नमुन्यावर पुढे केंद्र सरकारच्या ग्रामविकास मंत्रालयाने देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांकडून 'आरसेटी' संस्था सुरू करवल्या. महाराष्ट्रातल्या वाचक भगिनींनी आपल्या जिल्ह्याच्या अग्रणी बँकेत तिची चौकशी करावी. तिथे ग्रामीण गरीब कुटुंबांना प्राधान्य असते. शहरातल्या बाईला एखाद्या चांगल्या शिंप्याकडे महिनाभर दुपारी बसून शिकणे जास्त सोयीचे पडेल, आणि ते कमी प्रतीचेही नाही.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे. हाताने पारंपरिक काम करणाऱ्यांना प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची रचना. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. त्यामुळे घरात आधी कोणी शिवणकाम करत असेल तर नाव कोणाचे द्यायचे, हे घरातच बसून ठरवावे. त्याच वर्षी ३० ऑगस्टला कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेची सुरुवात खुद्द म्हैसूरमध्ये झाली. कुटुंबप्रमुख महिलेच्या खात्यात महिन्याला दोन हजार रुपये. बहुतेक घरांत तो पैसा किराणा आणि फीमध्येच जातो. पण कोपऱ्यातल्या मशीनची दुरुस्ती, एक रिंग, बारा रंगांचे दोरे आणि कागदाची गुंडाळी एवढ्यासाठी कर्ज लागत नाही.

कोल्हापूरच्या त्या सुनेने सुरुवात करायची ती इथूनच. एक वही घालावी. प्रत्येक कामाचा हाताएवढा नमुना आधी त्याच कापडाच्या तुकड्यावर करून वहीत टाचावा आणि शेजारी लिहावे: कापड कोणते, सुई किती नंबरची, कागद कोणता, वरचा ताण किती, वेळ किती लागला, धुतल्यावर रंग गेला का, पैसे किती घेतले. दुसऱ्याचे कापड हाती घेण्याआधी वहीची दहा पाने भरलेली असावीत. पुढे कधी कॉम्प्युटर मशीनच्या दुकानात गेलीच, तर फोन पिशवीत ठेवून ही वही आणि साडीचा एक तुकडा पुढे करावा आणि म्हणावे, "यावर, माझ्यासमोर, हे पान काढून दाखवा."